नसलेल्या गोष्टींची यादी

२७ जानेवारी २०१० च्या सकाळी सॅन फ्रान्सिस्कोतल्या येर्बा ब्वेना कलाकेंद्राच्या नाट्यगृहात ॲपलने रंगमंचावर एक खुर्ची मांडली होती. एरवी त्या कंपनीच्या समारंभात रंगमंच जवळजवळ मोकळाच असतो. मागे भलामोठा पडदा, बाजूला यंत्रं ठेवायला टेबल आणि काळ्या टर्टलनेकमध्ये येरझाऱ्या घालणारे स्टीव्ह जॉब्ज. या वेळी मात्र काळ्या चामड्याची, अंग टाकून बसावं अशी ऐसपैस खुर्ची आणि शेजारी छोटं गोल टेबल, असा दिवाणखान्याचा एक कोपराच तिथे उभा केला होता. खुर्ची ल कॉर्ब्युझिए यांच्या घराण्यातली. चंदीगडचा आराखडा करणारे तेच हे.

जॉब्ज आले तेव्हा लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. आदल्या वर्षी त्यांचं यकृतरोपण झालं होतं आणि ते किती वाळले आहेत हे शेवटच्या रांगेतूनही दिसत होतं. त्यांनी पडद्यावर डावीकडे फोन दाखवला, उजवीकडे लॅपटॉप आणि मधल्या जागेत प्रश्नचिन्ह. मध्ये एखादं उपकरण बसवायचं असेल तर काही कामं त्याने दोघांपेक्षाही चांगली केली पाहिजेत, नाहीतर त्याला जगण्याचं कारण नाही, हा त्यांचा मुद्दा. कामंही त्यांनीच सांगितली: वेब, इमेल, फोटो, व्हिडिओ, गाणी, खेळ, पुस्तकं. नेटबुक नावाचे छोटे स्वस्त लॅपटॉप त्या दिवसांत धडाक्याने खपत होते. ते कुठल्याच कामात चांगले नाहीत, एवढं म्हणून त्यांनी त्यांना वाटेला लावलं. मग ते खुर्चीत बसले, पायावर पाय टाकला, आयपॅड मांडीवर टेकवला आणि बोटाने पान सरकवत न्यूयॉर्क टाइम्स वाचू लागले.

माझ्या मते त्या दिवशी रंगमंचावर मांडलेल्या वस्तूंमध्ये सगळ्यात जास्त बोलणारी वस्तू ती खुर्ची होती. पण पहिल्या दिवशी ऐकायला आलेले लोक तक्त्याकडे बघत होते.

तक्ता असा होता. पडदा ९.७ इंचांचा, १०२४ बाय ७६८ ठिपक्यांचा. जाडी अर्धा इंच. वजन ६८० ग्रॅम. मोबाइल नेटवर्कवर चालणारा नमुना थोडा जड, ७३० ग्रॅम. ए-४ नावाची एक गिगाहर्ट्‌झची चिप, ॲपलने स्वतः आखलेली. एकदा चार्ज केला की १० तास. साठवण १६, ३२ किंवा ६४ जीबी. रॅम किती, हे ॲपलने सांगितलंच नाही. एप्रिलमध्ये लोकांनी यंत्र उघडून पाहिलं तेव्हा ती २५६ एमबी निघाली. किमतीचं तेवढं नाटक झालं. बाजारात हजार डॉलरची कुजबुज होती, तर पडद्यावर ९९९ हा आकडा बराच वेळ टांगून ठेवला आणि मग वरून ४९९ कोसळून त्याचा चुरा झाला.

आणि मग दुसरा तक्ता, जो ॲपलने दिला नव्हता. तो प्रेक्षकांनी आणि घरबसल्या बातम्या वाचणाऱ्यांनी तासाभरात तयार केला. कॅमेरा नाही. यूएसबीची जागा नाही. मेमरी कार्डाची खाच नाही. बॅटरी बदलता येत नाही. एका वेळी बाहेरचं एकच ॲप चालणार. गाणं ऐकवणारं दुसऱ्या कंपनीचं ॲप बंद केल्याशिवाय पत्र लिहिता येणार नाही. ॲपलने मंजूर केलेल्या दुकानाबाहेरून काही घेता येणार नाही. फ्लॅश नाही, आणि हे तर जॉब्ज यांच्या हातातच दिसलं होतं: टाइम्सच्या पानावर जिथे व्हिडिओ असायला हवा होता तिथे निळ्या ठोकळ्याचं चिन्ह असलेली रिकामी चौकट. तेव्हा वेबवरचे बहुतेक व्हिडिओ आणि खेळ फ्लॅशवर चालत होते, म्हणजे उणीव क्षुल्लक नव्हती. सगळ्याचं सार एका शेऱ्यात आलं: हा तर नुसता मोठा केलेला आयपॉड टच.

वॉल्टर आयझॅक्सन यांनी लिहिलेल्या चरित्रात त्यानंतरच्या दिवसाचं वर्णन आहे. चोवीस तासांत जॉब्ज यांच्याकडे आठशेच्या आसपास इमेल आले, त्यातले बहुतेक तक्रारींचे. काही पत्रांत शिव्याही होत्या. माणूस खट्टू झाला. बिल गेट्स यांनीही काही दिवसांत मत दिलं: वाचायला चांगलं यंत्र आहे, पण हे आपण करायला हवं होतं असं वाटावं असं त्यात काही नाही. आवाज, पेन आणि खरा कीबोर्ड यांचं मिश्रणच शेवटी चालेल, असं त्यांना वाटत होतं.

हे सगळे लोक मूर्ख नव्हते. नंतर निकाल माहीत झाल्यावर आधीच्या टीकाकारांची टिंगल करणं सोपं असतं, आणि तंत्रज्ञानावरच्या पुस्तकांत ती फार होते. जानेवारी २०१० मध्ये हातात असलेला पुरावा पाहिला तर शंका घेणारी बाजूच भक्कम होती.

टॅब्लेटची कल्पना तेव्हा जवळपास चाळीस वर्षांची झाली होती. १९७२ मध्ये झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधनकेंद्रात ॲलन के यांनी मुलांसाठी वहीएवढ्या संगणकाचा आराखडा लिहून काढला, त्याचं नाव डायनाबुक. त्यात त्यांनी अपेक्षित किंमतही धरली होती, ५०० डॉलर. यंत्र कधी बनलं नाही. १९९३ मध्ये ॲपलनेच न्यूटन काढला, ६९९ डॉलरचा. तो हस्ताक्षर वाचणार होता. पण तो काय वाचेल याचा नेम नसल्याने वर्तमानपत्री व्यंगचित्रमालिकांत त्याची इतकी थट्टा झाली की पुढे सुधारलेल्या न्यूटनलाही ती पुसता आली नाही. १९९८ मध्ये, कंपनीत परतलेल्या जॉब्ज यांनीच तो बंद केला. २००१ च्या नोव्हेंबरमध्ये लास व्हेगासच्या कॉमडेक्स प्रदर्शनात गेट्स यांनी भाकीत केलं की पाच वर्षांत अमेरिकेत सगळ्यात जास्त खपणारा संगणक टॅब्लेटच असेल. पुढच्या वर्षी विंडोज एक्सपीची टॅब्लेट आवृत्ती आली. त्यावर चालणारी यंत्रं महाग, जड आणि गरम होती. इस्पितळं, गोदामं आणि विमा कंपन्यांच्या सर्वेक्षकांपलीकडे ती फारशी गेली नाहीत.

म्हणजे जगातल्या सगळ्यात मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीने आठ वर्षं जोर लावूनही जे जमलं नव्हतं, तेच कमी सोयी असलेल्या यंत्राला जमेल असं कोणी का मानावं? प्रश्न रास्त होता. उत्तर तक्त्यात नव्हतं, ते बोटाच्या टोकाशी होतं.

विंडोजचं सगळं बांधकाम माउसच्या बाणासाठी झालं होतं. बाणाचं टोक एका ठिपक्याएवढं असतं. त्यामुळे खिडकी बंद करायची फुली, मेन्यूच्या ओळी, सरकपट्टी, सगळं बारीक चालतं. बोटाचं टोक आठ-दहा मिलिमीटर रुंद. तेव्हा मायक्रोसॉफ्टने खाली विंडोज तसंच ठेवून माणसाच्या हातात पेन दिलं, म्हणजे बाणाच्या जागी दुसरा बाण. ॲपलने उलट केलं. फोनसाठी केलेल्या नियमावलीत बोटाने दाबायची कोणतीही जागा ४४ ठिपक्यांहून लहान नको, असा दंडक होता. आयपॅडच्या पडद्यावर इंचाला १३२ ठिपके, म्हणजे ४४ ठिपके साधारण साडेआठ मिलिमीटर होतात. बोटाच्या मापाचंच बटण. ‘मोठा आयपॉड टच’ ही शिवी म्हणून दिली गेली, पण सगळं सॉफ्टवेअर मुळापासून बोटासाठी लिहिलेलं असणं हेच त्या यंत्राचं भांडवल होतं. शिवाय आयफोनची १,४०,००० ॲप पहिल्या दिवसापासून त्यावर चालणार होती.

काचही वेगळी होती. तोवर स्वस्त उपकरणांत जो स्पर्शपडदा असे तो दाबावर चालणारा. दोन पारदर्शक थर, मध्ये केसाएवढी फट, वरचा थर लवचिक प्लॅस्टिकचा. दाबलं की थर एकमेकांना टेकतात आणि तिथल्या व्होल्टेजवरून जागा कळते. नखाने, पेन्सिलीच्या मागच्या टोकानेही तो चालतो. पण जोर द्यावा लागतो आणि साधारणपणे एका वेळी एकच स्पर्श कळतो. आयपॅडच्या काचेखाली पारदर्शक विद्युतवाहक जाळी आहे. माणसाचं शरीर वीज वाहून नेतं, त्यामुळे बोट जवळ आलं की जाळीच्या त्या भागातली विद्युतधारकता किंचित बदलते. एक चिप सेकंदात अनेक वेळा जाळीचे छेदबिंदू तपासून बोटं कुठे आहेत हे काढते. दाब शून्य लागतो आणि दोन्ही हातांची बोटं एकदम टेकवली तरी चालतं. यातलं बरंचसं ज्ञान ॲपलने फिंगरवर्क्स नावाची छोटी कंपनी २००५ मध्ये विकत घेऊन मिळवलं होतं. डेलावेअर विद्यापीठातल्या संशोधनातून ती उभी राहिली होती, आणि तिच्या दोन संस्थापकांपैकी वेन वेस्टरमन यांना टाइप करून करून हात दुखायचा त्रास होता. कमी जोर लागणारा कीबोर्ड शोधताना ते इथवर आले होते.

मजा अशी की ॲपलमध्ये काम आधी टॅब्लेटचंच सुरू झालं होतं. जून २०१० मधल्या एका जाहीर मुलाखतीत जॉब्ज यांनी स्वतः सांगितलं की यादी बोटाने सरकवल्यावर टोकाला जाऊन रबरासारखी मागे येते, हे त्यांनी काचेच्या नमुन्यावर पाहिलं आणि यातून फोन होऊ शकतो असं त्यांना वाटलं. टॅब्लेट बाजूला ठेवला, आयफोन आधी आला. त्यामुळे २०१० मध्ये फोनचा मोठा भाऊ वाटणारं यंत्र वयाने खरोखरच मोठं होतं.

पडद्याची गोष्टही अशीच आकड्यात न मावणारी. त्या काळच्या बहुतेक लॅपटॉपचा पडदा थोडा तिरका केला की रंग उलटेपालटे होत, चेहरे निळसर पडत. लॅपटॉपला ते खपतं, कारण आपण त्याच्यासमोर सरळ बसतो. टॅब्लेट उभा, आडवा, मांडीवर, पोटावर, शेजारच्याला दाखवत कसाही धरला जातो. आयपॅडचा पडदा आयपीएस प्रकारचा होता. कडेने पाहिलं तरी चित्र तसंच राहतं. त्याचा आकार चारास तीन, म्हणजे सिनेमासाठी गैरसोयीचा, वर-खाली काळ्या पट्ट्या येणारा. पण उभा धरला की पुस्तकाच्या पानाजवळ जाणारा. त्या दिवशीच्या टीकेत काळ्या पट्ट्या आल्या, पान आलं नाही.

समारंभानंतर निमंत्रितांना शेजारच्या दालनात यंत्रं हाताळायला मिळाली. इथे पहिल्या मतांमध्ये फट पडलेली दिसते. ज्यांनी ते हातात घेतलं त्यांच्यापैकी अनेकांनी आधी वेगाबद्दल लिहिलं. पान बोटाला चिकटल्यासारखं येतं, मधे काही अडत नाही. ब्रिटिश अभिनेते आणि लेखक स्टीव्हन फ्राय त्या दिवशी हजर होते. हातात घेऊन पाहिल्याखेरीज या वस्तूबद्दल मत देऊ नका, असं त्यांनी कळकळीने लिहिलं. फ्राय ॲपलचे जुने भक्त, तेव्हा ते जरा जपूनच वाचायला हवं. पण न्यूयॉर्क टाइम्सच्या डेव्हिड पोग यांनी मार्चअखेर जे केलं ते मला या सगळ्या लेखनात सर्वांत प्रामाणिक वाटतं. त्यांनी एकाच लेखात दोन परीक्षणं लिहिली: एक तंत्रज्ञांसाठी, एक बाकी सगळ्यांसाठी. पहिल्यात उणिवांची ती यादी आहे आणि निकाल प्रतिकूल. दुसऱ्यात सुरुवातच वेगळी आणि निकाल अनुकूल. यंत्र तेच. परीक्षकाने बाजू घ्यायची टाळली असं कोणी म्हणेल; मला वाटतं, परीक्षण कोणासाठी हे आधी ठरवल्याशिवाय ते लिहिताच येत नाही, एवढं त्यांनी उघड केलं.

३ एप्रिल २०१० ला विक्री सुरू झाली. पहिल्या दिवशी ३ लाख गेले. दहा लाखांचा आकडा २८ दिवसांत गाठला, वीस लाखांचा साठ दिवसांच्या आत. त्या वर्षात दीड कोटीच्या जवळपास आयपॅड विकले गेले. ज्या नेटबुकांना जॉब्ज यांनी एका वाक्यात निकालात काढलं होतं ती पुढच्या दोन-तीन वर्षांत दुकानांतून दिसेनाशी झाली.

पण किती खपलं यापेक्षा कुठे खपलं ते पाहण्यासारखं आहे, कारण पहिल्या दिवशी ते कोणालाच दिसलं नव्हतं. जॉब्ज यांनाही नाही. विमानाचे पायलट नकाशे, धावपट्ट्यांचे आराखडे, नियमपुस्तिका अशा कागदांनी भरलेली जड बॅग प्रत्येक फेरीला वाहून नेत. अमेरिकन एअरलाइन्समध्ये ती ३५ पौंडांची, म्हणजे सुमारे १६ किलोची असे. डिसेंबर २०११ मध्ये अमेरिकेच्या विमान-नियामकाने त्या कंपनीला उड्डाणाच्या सर्व टप्प्यांत त्याऐवजी आयपॅड वापरायची परवानगी दिली.

दुसरं उदाहरण बोलता न येणाऱ्या मुलांचं. स्वमग्न किंवा सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांसाठी चित्रं दाबून वाक्य बोलणारी यंत्रं आधीपासून होती, पण ती हजारो डॉलरची आणि दिसायला वैद्यकीय. आयपॅड आल्यावर तेच काम ॲप करू लागलं. चेन्नईत अजित नारायणन यांनी ‘आवाझ’ हे असं उपकरण भारतीय मुलांसाठी बनवलं होतं. पुढे तेही स्वतंत्र यंत्र सोडून आयपॅडवर आलं. आयआयटी मुंबईच्या डिझाइन विभागात तयार झालेलं ‘जेलो’ मराठीतही बोलतं. चित्रावर अलगद टेकवलेलं बोट ओळखणारा, दाब न मागणारा मोठा पडदा ही यांची पहिली गरज होती. ज्या मुलांचा हात थरथरतो त्यांच्यासाठी बारीक बाण आणि बोट यांतला फरक सोयीचा राहत नाही, बोलता येणं आणि न येणं इतका होतो.

कॅमेऱ्याबाबत मात्र टीकाकार शंभर टक्के बरोबर होते. पुणे-ठाण्यातल्या घराघरांतून तेव्हा दूर राहणाऱ्या नातवंडांशी बोलायला संगणकासमोर ठरल्या वेळी बसायचा प्रघात होता. वेबकॅम, हेडफोन, शेजारच्या मुलाला बोलावून केलेली जोडणी. ही अडचण सोडवायला आयपॅडइतकं योग्य यंत्र नव्हतं आणि नेमका त्यातच कॅमेरा नव्हता. २ मार्च २०११ ला आयपॅड-२ जाहीर झाला तेव्हा त्यात दोन कॅमेरे होते. त्याआधी पाचच आठवडे, जानेवारीच्या अखेरीस, भारतात पहिला आयपॅड अधिकृतपणे विक्रीला आला होता, २७,९०० रुपयांपासून पुढे. ज्यांनी तो त्या महिन्यात घेतला त्यांच्या भावना कुठे नोंदवलेल्या नसाव्यात हे बरंच आहे.

पहिल्या दिवसाची आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती कोर्टापर्यंत गेली. प्रात्यक्षिकात जॉब्ज यांनी पुस्तकांच्या दुकानातून सिनेटर एडवर्ड केनेडी यांचं आत्मचरित्र विकत घेऊन दाखवलं, १४.९९ डॉलरना. ॲमेझॉन तेव्हा बहुतेक नवी ई-पुस्तकं ९.९९ ला देत होतं. समारंभानंतर वॉल स्ट्रीट जर्नलचे वॉल्ट मॉसबर्ग यांनी साधा प्रश्न विचारला: पाच डॉलर जास्त देऊन लोक तुमच्याकडे का घेतील? जॉब्ज म्हणाले, तसं होणारच नाही, किमती सारख्या असतील. उत्तर लहानसं होतं आणि ते नीट ऐकणाऱ्याला पुढचं सगळं त्यात दिसलं असतं. ॲपलने पाच बड्या प्रकाशकांशी करार केला होता. पुस्तकाची किंमत प्रकाशक ठरवणार, ॲपल ३० टक्के घेणार, आणि दुसरीकडे पुस्तक स्वस्त विकलं तर ॲपलच्या दुकानातही तितकंच स्वस्त करावं लागणार. म्हणजे प्रकाशकांना ॲमेझॉनची किंमत वर ढकलण्याशिवाय गत्यंतर नव्हतं. दोनच दिवसांत त्या प्रकाशकांपैकी मॅकमिलन आणि ॲमेझॉनचं वाजलं. ॲमेझॉनने त्यांच्या पुस्तकांवरची खरेदीची बटणंच काढून टाकली आणि आठवड्याच्या आत माघार घेतली. अमेरिकी सरकारने २०१२ मध्ये खटला भरला. जुलै २०१३ मध्ये न्यायाधीश डेनिस कोट यांनी ॲपलला किमती संगनमताने ठरवल्याबद्दल दोषी ठरवलं. जॉब्ज तोवर हयात नव्हते, पण मॉसबर्गना दिलेलं ते उत्तर पुराव्यात होतं. मार्च २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अपील ऐकायला नकार दिला आणि ४५ कोटी डॉलरची तडजोड कायम झाली. यंत्राच्या कडा मोजणाऱ्या त्या गर्दीत सगळ्यात मोठी बातमी एका किमतीच्या प्रश्नात होती.

यादीचं पुढे काय झालं? तिच्यातल्या बऱ्याच गोष्टी एकेक करून आल्या. नोव्हेंबर २०१० मध्ये अनेक ॲप एकदम चालू लागली. कॅमेरे आले. २०१५ मध्ये आयपॅड प्रो आला तो कीबोर्ड आणि पेन घेऊन. स्टायलस दिसला की समजा यांनी घोटाळा केला, असं जॉब्ज २०१० मध्येच म्हणाले होते. गेट्स यांना तेव्हा नक्कीच बरं वाटलं असेल. २०१८ मध्ये यूएसबी-सी, २०२० मध्ये चक्क माउसचा बाणही. फ्लॅश मात्र आलं नाही. उलट फ्लॅशच गेलं. ते बनवणाऱ्या ॲडोबीनेच २०२० च्या शेवटी ते कायमचं बंद केलं. तोवर आयपॅडची लाटही ओसरली होती. २०१३ च्या अखेरच्या तिमाहीत २ कोटी ६० लाख विकले गेले, तो कळस. फोनच मोठे होत गेले आणि घरातला जुना टॅब्लेट पाच-पाच वर्षं चालत राहिला. चांगलं यंत्र बनवल्याची शिक्षा म्हणायची ही.

एक तक्रार मात्र यादीत ठळक नव्हती आणि आजही मला तीच सर्वांत वजनदार वाटते. ॲलन के यांच्या डायनाबुकमध्ये मुलांनी स्वतः प्रोग्राम लिहायचे होते, एकमेकांना द्यायचे होते. आयपॅड विक्रीला आला त्याच महिन्यात मुलांच्या ‘स्क्रॅच’ या भाषेतले प्रोग्राम दाखवणारं ॲप ॲपलने आपल्या दुकानातून काढून टाकलं. यंत्र मुलांच्या हातात आलं, पण यंत्राच्या आत हात घालायला बंदी. के यांनी त्यावर जाहीर नाराजी व्यक्त केली. ४९९ मध्ये त्यांची किंमत साधली होती, हेतू नाही.

आता याच्या उलट टोकाची कथा, आपल्याकडची. ५ ऑक्टोबर २०११ ला दिल्लीत तेव्हाचे मनुष्यबळ विकास मंत्री कपिल सिब्बल यांनी विद्यार्थ्यांसाठीचा ‘आकाश’ हा टॅब्लेट जाहीर केला. त्याच दिवशी कॅलिफोर्नियात स्टीव्ह जॉब्ज गेले. आकाश डेटाविंड कंपनीने बनवला होता, आयआयटी राजस्थानच्या देखरेखीखाली. उद्दिष्ट ३५ डॉलरचं, तेव्हाच्या भावाने साधारण १,७५० रुपये. जगभर मथळे झाले: सर्वांत स्वस्त टॅब्लेट. आयपॅडमध्ये ज्यांना यूएसबी सापडली नव्हती त्यांनी आकाश पाहावा. त्यात दोन होत्या, मेमरी कार्डाची खाचही होती. वजन आयपॅडच्या जवळपास निम्मं. पहिलं मत अतिशय चांगलं झालं, कारण तेही तक्त्यातूनच झालं होतं आणि तक्त्यातल्या मुख्यतः एका ओळीतून, किमतीच्या.

मग यंत्रं माणसांच्या हातात गेली. पडदा सात इंचांचा, पण दाबावर चालणारा. पान सरकवायला बोट घासावं लागे, कधी नख वापरावं लागे. ३६६ मेगाहर्ट्‌झची चिप अँड्रॉइड ओढताना दमत होती. बॅटरी दोन-तीन तासांत संपे, आणि ज्या गावांसाठी यंत्र होतं तिथे भारनियमन त्याहून लांब चाले. उंचावरून टाकणं, पावसात भिजवणं अशा कडक चाचण्यांवरून संस्था आणि कंपनी यांच्यात वाद झाला. २०१२ मध्ये प्रकल्प आयआयटी मुंबईकडे आला, प्रा. दीपक फाटक यांच्या गटाकडे. त्या वर्षी ११ नोव्हेंबरला राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांनी आकाश-२ सादर केला: एक गिगाहर्ट्‌झची चिप, दुप्पट रॅम आणि स्पर्शाने, दाबाने नव्हे, चालणारी काच. त्याच महिन्यात संयुक्त राष्ट्रांच्या मुख्यालयात बान की-मून यांच्या हस्तेही त्याचं अनावरण झालं. या दुसऱ्या यंत्राबद्दल लिहिणाऱ्यांनी बरंच चांगलं लिहिलं. पण पहिल्या आकाशाची कीर्ती त्याच्याआधी कॉलेजांत पोचली होती, आणि काही वर्षांत योजनाच विरून गेली.

विद्यार्थ्यांच्या हातात पडदा पोचवायचं काम अर्थात थांबलं नाही. ते स्वस्त चिनी-भारतीय फोनांनी आणि सप्टेंबर २०१६ मध्ये आलेल्या जिओच्या डेटाने उचललं. २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा महाराष्ट्रातली असंख्य मुलं शिकली ती घरातल्या एकुलत्या फोनवर. बाप कामावरून परत आला की मगच अनेकांचा वर्ग सुरू होई, आणि फळ्यावरचं गणित पाच इंचांच्या पडद्यावर वाचावं लागे. नीट काचेचा, दिवसभर टिकणारा सात इंचांचा साधा टॅब्लेट त्या वर्षी फार उपयोगी पडला असता.